पहिली झडती कोणाची?

(कळंब तालुक्यांतील एका खेड्यांत ३१ ऑगस्ट रोजीं विमुक्त दिनानिमित्त भरलेल्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



मी विद्वान नाहीं, वक्ताही नाहीं. पोरांना बाराखडी शिकविणारा खेड्यांतला मास्तर. म्हणून दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचाच एक गुन्हा तुमच्यापुढें कबूल करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं चौथीच्या वर्गावर होतों. एके दिवशीं सहलीच्या वर्गणीचे ३४० रुपये टेबलाच्या खणांतून नाहींसे झाले. वर्गांत ३२ मुलें होतीं. त्यांत गायरानावरच्या पालांतून येणारा फासेपारध्याचा एकच मुलगा. मीं कोणासही न विचारतां पहिल्यानें त्यालाच उभा केला आणि सर्वांदेखत त्याचें दप्तर जमिनीवर ओतलें. आंत फडक्यांत बांधलेली अर्धी भाकरी, एक फुटकी पाटी व एक पुस्तक निघालें. बाकीच्या ३१ दप्तरांना मीं हात लावला नाहीं. सायंकाळीं पैसे माझ्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्यांत सांपडले.

दुसऱ्या दिवशीं मी पालावर गेलों. त्याची आई म्हणाली, “गुर्जी, झडती घ्याया पोलीस पालावर येत्यातच. तेच साळंत बी व्हणार आसंल, तर पोराला कशापायी धाडावं?” माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तें पोर पुन्हा शाळेंत आलें नाहीं.

आतां विचार करा, माझा हात त्याच दप्तराकडे कां गेला? त्यानें चोरी केलेली मीं पाहिली नव्हती. मग हें मला कोणीं शिकविलें?

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा हिशेब. १९११ पासून तो मुंबई इलाख्यांतही आला. निजामाच्या राज्यांतही तशाच धर्तीचा कायदा होता. जमातीचें नांव यादींत चढलें, कीं माणसानें कांहीं केलेलें असो वा नसो, त्यानें पोलिसांकडे हजेरी द्यायची आणि परवान्यावांचून हलायचें नाहीं. सोलापुरांत अशा लोकांस तारेच्या कुंपणाआड ठेवीत. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. परंतु दोष एकट्या साहेबाचा नव्हे. धंदा जन्मानें ठरतो, हें शास्त्र आमच्याच घरचें. त्यानें त्या यादींत चोरीचा धंदा घातला, इतकेंच!

त्याच काळांत कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं उलट रीत घालून दिली. ज्यांना लोक चोर म्हणत त्या फासेपारध्यांनाच त्यांनीं पहाऱ्याचें काम दिलें, आणि १९१८ सालीं आपल्या राज्यांतील हजेरीची पद्धत बंद केली. विश्वास आधीं टाकावा लागतो, हें त्या राजाला कळलें होतें.

स्वतंत्र भारतानें ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द केला, म्हणून आजचा हा दिवस. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. त्यांत जमातीचें नांव नाहीं, नजर मात्र जुनीच. २००७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीनें असे कायदे काढून टाकण्यास भारताला सांगितलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांत जातीवरून कामें वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरविले, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीनें अटक होऊं नये असें बजाविलें. कायदा असा हळूहळू हलतो. गांवाची नजर कोणत्या न्यायालयानें बदलावी?

कोणी म्हणेल, “मास्तर, त्यांच्यांत चोर नाहींत काय?” असतील. आपल्यांत नाहींत काय? वजनांत मारणारा, भावाचा बांध कोरणारा, रेशनचें धान्य विकणारा, यांची जात आपण काढीत नाहीं. त्यांचा गुन्हा त्यांच्या एकट्याच्या नांवावर. पारध्याचा गुन्हा मात्र साऱ्या पालावर! शिवाय त्यांनीं पोट कशावर भरावें? फास लावून तित्तर-लावे धरणें हा त्यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली. पांखरें वांचावींत हें खरें. पण बदल्यांत या माणसांना काम कोणीं दिलें? दाखल्यासाठीं त्यांच्याकडे १९५० पूर्वींचा पुरावा मागतात. ज्यांना एकाही गांवानें टिकूं दिलें नाहीं, त्यांनीं कोणत्या गांवचा पुरावा आणावा?

“ते बाहेरचे,” हें दुसरें बोलणें. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची, म्हणून ते परके! बरें, मग आपण कोण? दिवाळीच्या सुमारास आपल्या भागांतून किती कोयते पश्चिमेकडे जातात? मुकादमाची उचल घेऊन आपलीं जोडपीं कारखान्याच्या उंसाच्या फडाशेजारीं कोपींत राहतात. तेथें कोणाची कोंबडी नाहींशी झाली, कीं गांव आधीं कोपीकडे पाहतो. परत आल्यावर तुम्हीच मला सांगतां, “गुर्जी, आमाला चोरच समजत्यात.” तो अपमान पांच-सहा महिने सोसून आलेला माणूस आपल्या गायरानावरच्या पालाकडे त्याच नजरेनें पाहतो, याहून मोठें नवल कोणतें?

माझी मागणी थोडी आहे. चोरी झाली तर पुराव्याकडे बोट करा, पालाकडे नको. येत्या ग्रामसभेंत पालांच्या जागेचा, पाण्याचा व रेशनकार्डांचा ठराव मांडा. आणि माझ्या मास्तर बंधूंनो, त्या मुलाला मराठी ही घराबाहेरची भाषा आहे. तें उत्तर उशिरां देतें म्हणून त्याला मंद म्हणूं नका.

माझ्या वर्गांत आतां कांहीं हरवलें, तर आधीं मी माझाच हजेरीपट झटकून पाहतों. ही संवय मला वेळेवर लागली असती, तर तें पोर आज कॉलेजांत असतें.