न दिसणाऱ्या मशीनचा हिशेब



आपल्या बेळगाव भागातून घाट उतरला की गोवा. त्या गोव्यावर एके काळी राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या सहाव्या जुआंव राजाला कमी ऐकू यायचं. त्याच्यासाठी 1819 साली लंडनच्या एफ. सी. राइन या कारागिरानं एक खुर्ची तयार केली. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांना कोरलेले सिंह, जबडे उघडे, हात आतून पोकळ. दरबाऱ्यानं समोर गुडघे टेकायचे आणि सिंहाच्या तोंडात बोलायचं. आवाज पोकळीतून मागे जायचा आणि नळीवाटे राजाच्या कानाशी पोचायचा. बहिरेपण झाकलं गेलं आणि वर दरबारीही गुडघ्यावर आला. लपवण्याची हौस ही अशी जुनी आहे.

आणखी एक गंमत सांगतो. 1983 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन कानाच्या नळीत बसणारं, ऐकू येण्याचं मशीन घालून लोकांसमोर आले. सिनेमात काम करत असताना कानाजवळ पिस्तूल उडालं होतं, तेव्हापासून कान गेला, असं ते सांगत. त्या बातमीनंतर अमेरिकेत अशा मशीनची विक्री एकदम वाढली. कुणाला दिसू नये म्हणून बनवलेली वस्तू एका माणसानं चारचौघांत घातली म्हणून खपली!

आमच्या कान तपासणीच्या खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, दिसायचं नाही असलं मशीन आहे न्हवं?" मी या प्रश्नाला हसत नाही. कुणाच्या मुलीची सोयरीक चाललेली असते, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कुणी नुकताच सोसायटीचा चेअरमन झालेला असतो. चष्म्याला आपण माणसाच्या चेहऱ्यावर जागा दिली, कानाच्या मशीनला अजून दिलेली नाही. तेव्हा लपवावंसं वाटणं यात काही खोट नाही. मात्र हा प्रश्न पहिला विचारू नका, चौथा-पाचवा विचारा. आधीचे प्रश्न कोणते, ते सांगायला मी आलो आहे.

कानामागे बसणारी मशीन तुम्ही पाहिली आहेत. काहींत नळीतून आवाज कानात जातो, काहींत बारीक वायरच्या टोकाला असलेला स्पीकरच कानात जातो. नळीत बसणारं मशीन वेगळं. शिंप्याकडे माप द्यावं तसं आधी कानात सिलिकॉन भरून साचा घेतात आणि त्या साच्यावरून तुमच्या एकट्याच्या कानाचं कवच घडवतात. ते दुसऱ्याला बसत नाही. काही नळीच्या तोंडाशी बसतं, काही पूर्ण आत जातं आणि सगळ्यात छोटं नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत पोचतं. ते बाहेर काढायला एक बारीक दोरी असते, दिसलीच तर तेवढीच.

त्याची चांगली बाजू नुसती दिसण्यातली नाही. मायक्रोफोन नळीच्या आत असल्यामुळे बाहेरच्या पाळीच्या घड्या त्यांचं काम करत राहतात, आवाज पुढून आला की मागून ते कळायला मदत होते. फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो. मोटारसायकलवर वारा मायक्रोफोनवर कमी घोंघावतो. हेल्मेट काढताना कानामागचं मशीन उडून रस्त्यावर पडण्याची भीती नाही. डोक्यावर पदर घेणाऱ्या बायकांना कानामागच्या मशीनवर पदर घासून खरखर ऐकू येते, ती इथं नाही. चष्म्याची दांडी आणि मशीन यांचं भांडणही मिटतं.

आता दुसरी बाजू. जरा सगळ्यांनी दोन्ही कानांत बोटं घाला आणि लांब "ई" म्हणा. म्हणा, लाजू नका... ऐकलंत? आपलाच आवाज डोक्यात घुमला. आपण बोलतो तेव्हा हाडांवाटे नळीच्या भिंतीही थरथरतात. कान उघडा असेल तर तो आवाज बाहेर निघून जातो, नळीचं तोंड बंद केलं की आत कोंडतो. याला आपण दडे बसणं म्हणतो. नळीत घट्ट बसलेलं मशीन हेच करतं. भाकरी चावली तरी घरभर कुणी चालल्यासारखं वाटतं. कवचाला भोक पाडून हे कमी करता येतं, पण चिमुकल्या कवचात भोकाला जागा किती? आणि भोक मोठं झालं की आतला आवाज बाहेर येऊन पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारतं. खूप खोल, हाडाच्या भागात बसवलं तर दडा कमी होतो, पण तिथली कातडी पातळ आणि नाजूक. साचा थोडा चुकला तरी दुखतं.

हा मुद्दा आपल्या भागाला जास्त लागू आहे. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागला माग आहेत, उद्यमबागेत फाउंड्री आहेत, तिकडे इचलकरंजी आहेच. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना तर 85 च्या पुढेच सावध करते. मागाच्या शेडमध्ये उभं राहिलात तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, यावरून अंदाज करा. अशा आवाजानं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. जाड, खालचे आवाज शाबूत राहतात, बारीक जातात. स्वर ऐकू येतात, स, श, ठ, थ गळतात. म्हणून मागवाला म्हणतो, "आवाज येतोय, शब्द कळंना." दुकानदार साठ म्हणतो, याला आठ ऐकू येतं. अशा माणसाचे खालचे आवाज नैसर्गिक वाटेनं आत जाऊ द्यायला हवेत, म्हणजे नळी शक्य तेवढी उघडी हवी आणि फक्त बारीक आवाज वाढवायला हवेत. कानामागचं, बारीक वायरचं, उघड्या टोकाचं मशीन हे सहज करतं. नळी बुजवणारं मशीन त्याला बहुधा त्रासच देतं. मागवाल्यानं न दिसणारं मशीन मागितलं की मी निम्म्या वेळा नाही म्हणतो. दुसऱ्या दुकानात जाऊन घेतात, ते वेगळं.

ज्यांचा कान फुटतो, म्हणजे पडद्याला भोक असून पू वाहतो, त्यांनी या मशीनचा नाद सोडावा. अशा कानाला हवा लागते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तो कोरडा करून घ्या. आणि लसूण टाकून कोमट केलेलं तेल कानात सोडायची आपल्या घरांतली सवय? मशीन नळीत आहे तोवर बंद. तेल आणि मळ स्पीकरच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि मग माणूस म्हणतो, महिन्यात मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं, बुजलेलं असतं. तोंडावरची बारीक जाळी बदलायची असते. मृगापासून पुढचे तीन महिने बेळगाव-खानापूरच्या हवेत काहीच वाळत नाही. रात्री मशीन ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवायचं, हा नियमच करा.

तंबाखूचंही सांगायला हवं, निपाणीत बोलतोय म्हटल्यावर. दिवसभर जबडा हलवणाऱ्याच्या कानाची नळीही हलते. कवच सैल होतं, शिट्टी येते. कवळी नवी बसली किंवा वजन उतरलं तरी तेच. नवा साचा घ्यावा लागतो.

बॅटरी अगदी छोटी, पिवळ्या पट्टीची दहा नंबरची, सहा मिलिमीटरही रुंद नाही. पट्टी काढली की आत हवा जाते आणि ती वापरा-न वापरा, झिजू लागते. वापरात चार-पाच दिवस चालते. विडी वळणाऱ्या आमच्या मावश्या ती सहज हाताळतात, अडचण बोटांची नसते, डोळ्यांची असते. मधुमेहानं बोटं बधिर झालेल्या आजोबांना मात्र जमत नाही आणि सूनबाई बँकेत कामाला गेलेली असते.

ताकदीची मर्यादाही आहे. दोन्ही कानांची घट 60 ते 70 डेसिबल असेल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्या माणसाला श्रवणक्षीण मानतो. सगळ्यात छोट्या मशीनला तिथंच धाप लागते. त्यापुढच्या माणसाला न दिसणारं मशीन विकणं मला पटत नाही. 1981 पासूनची केंद्राची एडिप योजना किंवा 2017 ची राष्ट्रीय वयोश्री योजना यांतून मिळतं ते बहुधा कानामागचंच. त्याला कमी लेखू नका. त्याची बॅटरी मोठी, दोन मायक्रोफोन, त्यामुळे गोंगाटात समोरच्याचा आवाज वेगळा काढायला ते जास्त मदत करतं. छोट्या कवचात दोन मायक्रोफोन अंतर ठेवून बसवायला जागाच नसते.

गोंगाटाचा विषय निघाला म्हणून इथल्या माणसाची खरी अडचण सांगतो. सीमाप्रश्नात मी पडत नाही, पण कानाचा एक सीमाप्रश्न आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी. मायबोलीत अर्धा शब्द गळला तरी आपण उरलेला अंदाजानं भरून काढतो. उशिरा शिकलेल्या भाषेत, त्यातही गर्दीत, धड कानालाही ते अवघड जातं. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस, एप्पत्तु सत्तर, एंबत्तु ऐंशी. मशीननं एवढा बारीक फरक पोचवला नाही तर पैशाचं नुकसान ठरलेलं. शांत खोलीत मराठीत "ऐकू येतंय का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणून तपासणी दोन्ही भाषांतल्या शब्दांवर आणि थोड्या गोंगाटात करून मागा. तपासणारा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का, हेही विचारा, त्यात संकोच नको.

नळीतलं मशीन मापाचं असल्यानं ते परत घ्यायला दुकानदार कुरकुरतो. तेव्हा परतीची अट पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्या. मग ते घालून बेळगावच्या बसस्थानकावर अर्धा तास बसा. कुठली गाडी कितव्या फलाटावर लागली ते कन्नडमधून कळलं, तर मशीन ठेवा. नाही कळलं, तर मुदतीच्या आत परत करा आणि कानामागचं लावून त्याच बाकावर पुन्हा बसून बघा.