उन्हाला करडी काच

उजेड कमी पडला तर काय करायचं हे लहान मुलालाही कळतं. दिवा लावायचा. पण उजेड जास्त झाला तर? फिल्मच्या कॅमेऱ्याशी ज्याची गाठ पडली, त्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्यातून त्याच्याकडे फास्ट लेन्स असली, तर हमखास पडतो.

फास्ट लेन्स म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स. क्षणार्धात पुष्कळ उजेड आत घेणारी. अशा लेन्स मुळात अंधारासाठी घडवल्या गेल्या. लायका कंपनीने १९६६ साली काढलेल्या लेन्सचं नावच ‘नॉक्टिलक्स’. त्या नावात रात्रही आहे आणि प्रकाशही. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटातले काही प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले, ते झाइसच्या एफ ०.७ लेन्सच्या जोरावर.

मग अशी लेन्स कोणी भर उन्हात का उघडावी? कारण तिचा दुसराही एक गुण आहे. तोंड पूर्ण उघडं ठेवलं की ती फार थोडं स्पष्ट दाखवते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर ठेवा आणि समोरचा माणूस एक मीटरवर बसवा. जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे लख्ख, कान मऊ, आणि मागचं सगळं जग विरघळलेलं.

माझ्या मामूंचा सोलापुरात फोटो स्टुडिओ होता. बी.ए. करताना संध्याकाळी मी तिथे बसायचो. मामूंनी मला हिशोब शिकवला तो असा : स्वच्छ ऊन असेल तर अ‍ॅपर्चर १६ वर ठेवायचं आणि १०० ची फिल्म असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाला. आता १६ वरून खाली उतरा. ११, ८, ५.६, ४, २.८, २, १.४. सात पायऱ्या. दर पायरीला उजेड दुप्पट, म्हणजे एकूण १२८ पट. तेवढ्या पटीने शटर जलद हवं, सेकंदाचा १२,८०० वा भाग. आणि मामूंच्या कॅमेऱ्याचं शटर हजाराव्या भागावर संपायचं! उजेड जवळजवळ तेरा पट जास्त.

यावर तोडगे आहेत. सावलीत जा. २५ किंवा ५० ची मंद फिल्म घाला. नाहीतर लेन्सवर एनडी फिल्टर चढवा. ही करडी काच. रंग बदलत नाही, फक्त उजेड अडवते. एनडी ८ म्हणजे आठातला एकच भाग आत सोडणार. तेराचे असे दीडपट उरतात, आणि तेवढं निगेटिव्ह फिल्म सोसून घेते. स्लाइडची फिल्म मात्र इतकी उदार नसते, तिच्यावर उजळ भाग पांढरे पडतात.

हे सगळं मी एकाच माणसासाठी केलं. माझी अम्मी. तिचे फोटो होते, पण कसे? लग्नांच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या ओळीत, कोणाच्या तरी खांद्यामागे. एक रेशन कार्डासाठी काढलेला, भिंतीला टेकून. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या फोटोची पार्श्वभूमी होती.

१९९४ चा मार्च, रमजानचा महिना. सकाळी दहाच्या उन्हात अम्मी अंगणातल्या बाजेवर ईदच्या शेवया वाळत घालत होती. मी लेन्सवर काच चढवली. व्ह्यूफाइंडरमध्ये एकदम तिन्हीसांज झाली. शेवयांवरून नजर काढून तिने माझ्याकडे पाहिलं. रोजाने ओठ सुकलेले, कपाळावर घाम, भुवईत पिठाचा कण. मी बटण दाबलं.

त्या फोटोत अम्मी कोणाच्याही मागे नाही. मागे काहीच नाही. एक तपकिरी धुकं आणि त्यात हिरवे-पिवळे गोल. आमच्या कडुनिंबाच्या पानांतून येणारं ऊन त्या गोलांत साठलं आहे.

१९९९ साली अम्मी गेली. २००७ साली भावंडांच्या वाटण्या झाल्या, घर पाडलं, निंबही गेला. घराचा असा फोटो कोणी काढलाच नव्हता. रोज दिसणाऱ्या भिंतीचा फोटो कोण काढतं?

माझी आपा लातूरला असते. हा फोटो हातात घेते आणि दरवेळी तेच म्हणते, “अम्मी तो हय, पर घर कां हय रे?” मी म्हणतो, आपा, घर मागे सारलं म्हणून तर अम्मी पुढे आली. ती म्हणते, अंगण, चूल, तो निंब सोडून अम्मी कुठे वेगळी होती का? आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही. मी माझा हट्ट सोडत नाही, आणि तिचं म्हणणं मला खोडताही येत नाही.

आता मोबाइल मागचं जग आकडेमोडीने पुसट करतो. बऱ्याच फोनमध्ये ते नंतर परत आणताही येतं. फिल्मवर तसं नसतं. शटर उघडलं त्या क्षणी काय राहणार आणि काय विरघळणार, याचा निकाल लागतो.

म्हणून एक सुचवतो. घरात कोणी वडीलधारं माणूस असेल तर या रविवारी त्यांना अंगणात, गच्चीत, दारात बसवा. लेन्सचं तोंड उघडून, जवळ जाऊन एक फोटो काढा, फक्त त्यांचा. मग तीन मीटर मागे सरका आणि अ‍ॅपर्चर १६ वर आणा. ५० च्या लेन्सला दोनपासून सात मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट दिसेल : माणूस, उंबरा, तुळस असेल तर तुळस, वजूचा लोटा असेल तर लोटा. दोन्ही फोटो कागदावर छापून घ्या. पुढे भावाबहिणींत वाद झालाच, तर दोघांच्याही हातात काहीतरी असेल.