कांचेच्या पेटींतील हिरवळ

नवापूर हें सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गांव. त्याच्या स्थानकाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत आणि कांहीं गुजराथेंत. मत्स्यपेटीची हौस ज्याला असते त्याला येथून सुरतेचा बाजार सोयीचा पडतो. मासे, वाळू, दिवा आणि ओल्या कागदांत गुंडाळलेलीं पांचसहा रोपें घेऊन गृहस्थ गाडीनें घरीं येतो, पेटी सजते, मुलें भोंवतीं जमतात. पंधरा दिवसांनीं पानें पिवळीं पडूं लागतात, कांहींना भोंकें पडतात, कांहीं तर देठासकट विरघळून जातात. मग कोणी दिवा बदलतो, कोणी बाटलींतलें औषध ओततो, आणि घर शेतकऱ्याचें असेल तर खताच्या पोत्यांतून चिमूटभर युरिया आणून पेटींत टाकण्याचा मोह होतो.

या शेवटच्या उपायाविषयीं आधींच सांगितलेलें बरें, कारण त्यांत माशांचा जीव जातो. पाण्यांतील जीवाणूंमुळें युरियाचा अमोनिया होतो. पाणी जितकें क्षारधर्मी आणि जितकें उष्ण, तितका तो माशांना अधिक विषारी. नवापूरच्या भोंवतालचा खडक काळा, म्हणजे बेसाल्टचा. अशा भागांतील विहिरीचें वा कूपनलिकेचें पाणी बहुधा जड असतें, आणि खानदेशच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. भाताच्या खाचरांत जें खत मानवतें तेंच त्या लहानशा पेटींत एका रात्रींत घात करतें.

पेटींतील वनस्पतीला काय झालें आहे हें ओळखावयाचें तर प्रथम एकच गोष्ट पाहावी : बिघाड जुन्या पानांवर आहे कीं नव्या? नत्र, पालाश व मॅग्नेशियम हीं द्रव्यें वनस्पतीच्या अंगांत फिरतीं असतात. त्यांची टंचाई पडली म्हणजे वनस्पति तळच्या जुन्या पानांतून तीं काढून शेंड्याकडे धाडते. म्हणून नत्र कमी पडलें कीं जुनें पान सगळेंच पिवळें पडतें, आणि पालाश कमी पडलें कीं जुन्या पानांवर टांचणीनें टोंचल्यासारखीं बारीक भोंकें पडून तीं हळूहळू मोठीं होतात. उलट लोह व चुना हीं द्रव्यें एकदां जेथें बसलीं तेथून हलत नाहींत. लोहाची उणीव त्यामुळें कोंवळ्या पानावर दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट, कधीं कधीं पांढुरका होतो. ऊस पिकविणारे शेतकरी यालाच केवडा म्हणतात. त्यांना हेंही ठाऊक असतें कीं चुनखडीच्या जमिनींत लोह असूनही पिकाला तें मिळत नाहीं. जड पाण्याच्या पेटींत अगदीं हेंच घडतें. लोखंडाचा खिळा वाळूंत पुरून ठेवण्याची युक्ति अनेकांकडून ऐकूं येते, परंतु क्षारधर्मी पाण्यांत त्याचा गंज होऊन बसतो, वनस्पतीच्या तोंडीं फारसें कांहीं लागत नाहीं. लोह द्यावयाचें तर तें चिलेटच्या रूपांत, आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या निम्म्यापासून आरंभ करून द्यावें.

जड पाण्याची आणखी एक गंमत आहे. कित्येकदां पानांवर पांढरा खरखरीत थर चढतो आणि घरची मंडळी तो रोग समजून पानें खुडून टाकतात. वास्तविक तें त्या वनस्पतीच्या भुकेचें चिन्ह होय. हवेंतील कर्बवायु पाण्यांत पुरेसा विरघळलेला नसला म्हणजे व्हॅलिसनेरिया, हायड्रिला अशा वनस्पती पाण्यांतील बायकार्बोनेट फोडून त्यांतून आपला कर्ब मिळवितात, आणि या व्यवहारांत उरलेला चुना पानावर थर होऊन बसतो. ही कला सर्वांना साधत नाहीं. मऊ पाण्यांतून आलेल्या नाजूक, तांबूस पानांच्या पुष्कळ वनस्पतींना ती येत नाहीं. दिवा जितका प्रखर तितक्या त्या लवकर खंगतात, कारण उजेड वाढला तरी कर्ब वाढलेला नसतो. तेव्हां नवापूरच्या पाण्यांत दुकानांतील सर्वांत देखणें रोप लावण्यापेक्षां तळ्यांत आपोआप वाढणारी साधी हायड्रिला लावणें अधिक शहाणपणाचें. देखण्या रोपांचा आग्रहच असेल तर त्यांच्यासाठीं पावसाचें स्वच्छ सांठविलेलें पाणी थोडथोडें मिसळावें.

आतां विरघळून जाणाऱ्या रोपांविषयीं. बाजारांतील पुष्कळशीं रोपें पाण्याखालीं वाढलेलींच नसतात. रोपवाटिकेंत त्यांचीं मुळें ओलीं आणि पानें हवेंत असतात. पेटींत बुडविल्यावर हवेंतलीं पानें निरुपयोगी ठरून गळतात आणि पाण्यांतलीं नवीं पानें फुटावयास तीनचार आठवडे लागतात. क्रिप्टोकोरीन तर नुसती जागा बदलली तरी पानें टाकते. अशा वेळीं रोप उपटून फेंकणें ही सर्वांत मोठी चूक. मूळ पांढरें व टणक आहे आणि मधला कोंब घट्ट आहे एवढें पाहावें, सडकीं पानें कात्रीनें कापावीं आणि रोपाला हात लावूं नये. सातारच्या कास पठारावरील वायतुरा या वनस्पतीचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. १९८२ सालीं शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. पावसाळ्यांत ती उथळ पाण्यांत फुलते. पाणी आटलें कीं पानें नाहींशीं होतात आणि जमिनींत कंद तेवढा उरतो. तिच्याच कुळांतील ॲपोनोजेटनचे कंद दुकानांत मिळतात. पानें गेलीं म्हणून ते मेले असें समजून कित्येक घरांतून ते जिवंतपणींच फेंकले जातात.

मात्र कुजणारीं पानें पेटींत राहूं देऊं नयेत. २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांच्या पाण्यांत साडेसातच. रात्रीं वनस्पती प्राणवायु देत नाहींत, उलट घेतात. कुजकीं पानेंही तो खातात. म्हणून वैशाखांत पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडझाप करतांना दिसले तर तें भूक लागल्याचें लक्षण नव्हे. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा आणि चौथाई पाणी बदलावें. नळाचें पाणी क्लोरीनचें असल्यास तें एक दिवस उघड्या बादलींत ठेवून मग घालावें.

गोगलगायींना दोष देण्याची चालही सोडण्यासारखी आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं एका मोठ्या कांचपात्रांत दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिसनेरियाचें रोप ठेवून पाहिलें. १८५० सालीं त्यांनीं तो वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढें ठेवला. त्यांचीही अडचण हीच होती : जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. त्यांनीं तळ्यांतल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनीं कुजकीं पानें खाल्लीं, पाणी निवळलें. बहुतेक लहान गोगलगायी मरूं घातलेलें पानच खातात, आणि पाहणाऱ्याला वाटतें त्यांनींच तें मारलें.

उजेडाचें म्हणाल तर दिवसाकांठीं सहा ते आठ तास दिवा पुरे. खिडकींतलें ऊन पेटीवर घेऊं नये, त्यानें शेवाळ माजतें आणि पाणीही तापतें. जावा फर्न व ॲन्यूबिअस यांचा आडवा खोडकंद वाळूंत पुरूं नये. तो दगडाला दोऱ्यानें बांधावा, पुरला कीं सडतो. कोणताही एक फेरफार केल्यावर दुसरा करण्यापूर्वीं दोन आठवडे थांबावें आणि फक्त नवीं पानें मोजावीं. जुनें भोंक पडलेलें पान कोणत्याही उपायानें बुजत नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या पेटींत हायड्रिला माजली असेल त्यांनीं छाटलेल्या फांद्या, तसेंच दुकानांतून आलेलीं परदेशी रोपें, परसांतल्या खताच्या खड्ड्यांत टाकावीं. रंगावलींत टाकूं नयेत. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या जलपर्णीनें महाराष्ट्रांतील किती नद्यातळीं झांकलीं आहेत तें सर्वांसमोर आहे, आणि रंगावलीचें पाणी पुढें तापींत, उकाईच्या जलाशयांत जातें.