निशाणी नांगर: न्यायमूर्ती रानड्यांचं कोर्ट

महादेवपुऱ्यातल्या फ्लॅटमधून बोलतोय, मागून रिंग रोडचा भोंगा ऐकू आला तर चालवून घ्या.

आमच्या सोसायटीतल्या एका आयटीवाल्या मुलानं विचारलं, "काका, रानडे इंग्रजांचा पगार घेत होते. मग त्यांना एवढं मोठं का म्हणायचं?" प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर सरकारी हुकूम पाळलेल्या माझ्यासारख्याला तर तो नेमका लागतो. म्हणून आज महादेव गोविंद रानडे, पण समाजसुधारक नव्हे, जज्ज.

जन्म १८ जानेवारी १८४२, निफाडचा. शिक्षण कोल्हापूर आणि मुंबईत. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना निबंधात मराठी राज्याची बाजू घेतली, म्हणून प्रिन्सिपॉल ग्रँटसाहेबांनी सहा महिने शिष्यवृत्ती रोखली. १८६६ मध्ये एलएलबी. १८७१ मध्ये पुण्याला सबजज्ज म्हणून आले आणि सार्वजनिक सभेच्या कामात गुंतले. ही सभा दुष्काळाची खरी माहिती गोळा करून सरकारपुढे मांडायची. सरकारला ते कसं रुचणार?

१८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. १८७९ च्या मे महिन्यात वासुदेव बळवंतांचं बंड चालू होतं आणि त्यातच पुण्यात बुधवारवाडा जळाला. रानडे तेव्हा सुट्टीवर होते. हुकूम आला, धुळ्याला ताबडतोब हजर व्हा. मे महिन्यातलं धुळं, आणि रानड्यांचे डोळे आधीच अधू. मित्रांनी सांगितलं, तब्येतीचं कारण पुढे करा. त्यांनी नाही केलं. नोकरीत आहोत तोवर जायचं, एवढंच. धुळ्यात त्यांची पत्रं फोडली जात. बंडवाल्यांच्या नावानं पत्रं येत, ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. आमच्या भाषेत याला पाळत म्हणतात, आणि पाळतीखाली रोजचं काम नीट करणं सोपं नसतं.

पण मला त्यांचं त्यापुढचं काम जास्त मोठं वाटतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस थांबला, आपल्याकडे भाव चढला, कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज राहिलं. त्यात सारावाढ. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखत तीनच वर्षं चालायचं, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात घाली. खाली कुणब्याची सही कसली? नांगराचं चित्र. "निशाणी नांगर." तुम्ही मोबाइलवर न वाचता 'मान्य आहे' दाबता ना, तसंच. फरक एवढाच, की तुम्हाला वाचता येतं.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक उठले. रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, खतांवर होता. खतं मिळवायची आणि जाळायची. मग १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला: पुणे, सातारा, सोलापूर, नगर. कोर्टानं खतावर थांबायचं नाही, व्यवहाराच्या मुळापासून हिशोब तपासायचा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद नाही. आणि खालच्या कोर्टांचं काम तपासायला स्पेशल जज्ज.

या कामावर रानडे आधी मदतनीस आणि नंतर स्वतः स्पेशल जज्ज होते. वर्षातले कित्येक महिने फिरती, गावोगावची कोर्टं, मुन्सफांची दप्तरं. कोर्ट मार्शलवर मी सदस्य म्हणून बसलेलो आहे. सही दिसली की काम संपवावंसं वाटतं, सगळ्यांनाच घरी जायचं असतं. सहीच्या मागे जायला वेळ लागतो आणि त्याची कोणी शाबासकी देत नाही. ज्या सरकारनं पत्रं फोडली, त्याच सरकारचा कायदा हा माणूस शेतकऱ्याच्या बाजूनं शेवटच्या ओळीपर्यंत राबवत होता. त्या मुलाला माझं उत्तर हे आहे.

सगळंच मी मान्य करतो असं नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्यानं १८७३ मध्ये, पहिली पत्नी गेल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पंचहौद मिशनमधल्या चहाबद्दल पुढे प्रायश्चित्तही घेतलं. कोर्टात न वाकणारा माणूस घरात आणि जातीत वाकला. लोक तेव्हाही बोलले, आणि बरोबर बोलले. पण त्याच मुलीला त्यांनी शिकवलं, आणि १९१० मध्ये तिनं, म्हणजे रमाबाईंनी, आठवणींचं पुस्तक लिहिलं. धुळ्याचे ते दिवस त्यात घरातून दिसतात. जरूर वाचा.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले आणि मुंबई हायकोर्टातल्या त्यांच्या जागेवर रानडे बसले. १६ जानेवारी १९०१ ला वारले, तेव्हाही ते हायकोर्टाचे जज्जच होते. साठावं वाढदिवसानं लागायला दोन दिवस होते.

पुढच्या वेळी तेलंगांविषयी बोलू.