मानाचं पुरे, वाट्याचं बोला

मंडळी, शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, ओटीही भरलीत. आभार. ओळख करून देताना स्वागताध्यक्षांनी मला ‘मातृतुल्य’ म्हटलं, सूत्रसंचालकांनी ‘आपल्या सर्वांच्या ताई’ केलं. जन्मभर तालुक्याच्या कोर्टात वकिली केलेल्या आणि पुस्तकं लिहिलेल्या बाईला वकील किंवा लेखिका म्हणायला मात्र कुणाची जीभ रेटली नाही. रुसून हे सांगत नाही. माझं आजचं भाषण याच मानाच्या विरोधात आहे, म्हणून आधीच सावध करते.

आपल्याकडे बाईला मान देतात, तो वाटा द्यायला लागू नये म्हणून. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता पुरावे.

कुठल्याही दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर सकाळी तासभर उभे राहा. भाऊ बहिणीला गाडी करून घेऊन येतो. बहीण ठेवणीतली साडी नेसून येते. हक्कसोडपत्र तयार असतं, साक्षीदार चहा पीत असतात. “ताई, वाचलंत का?” असं विचारलं की ती भावाकडे बघते आणि म्हणते, “त्यानं वाचलंय ना.” अंगठा होतो, फोटो निघतो, काही आठवड्यांनी फेरफार होतो आणि सात-बाऱ्यावरून तिचं नाव जातं. दिवाळीला तिला साडी मिळते, ओवाळणीत पाचशेची नोट पडते. पाहुण्यांत भाऊ अभिमानानं सांगतो, “आमच्या ताईनं एक रुपया मागितला नाही हो!” या वाक्यात कौतुक किती आणि धमकी किती, ते प्रत्येक बहिणीला नेमकं कळतं. सही केली नाही तर माहेर तुटेल. एवढ्या एका भीतीवर या राज्यातल्या किती एकर जमिनीचा निकाल लागला आहे!

कायदा नव्हता असं नाही. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली. त्यातून आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, ते शहाणपण वेगळं. देशभरासाठी हा हक्क २००५ साली आला. त्या वेळी वडील हयात होते की नव्हते यावरचा घोळ सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली मिटवला. त्याच्याही कितीतरी आधी, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, हिंदू कोड बिल रखडवल्याच्या संतापात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. ते बिल अडवणाऱ्यांतले बरेच जण भाषणांत स्त्रीला देवीच म्हणत होते.

गैरवापराचा मुद्दा निघणार, मला ठाऊक आहे. “बायकांच्या कायद्यांचा गैरवापर होतो.” होतो. वकिलीत मीही पाहिला आहे. पण खोटी खरेदीखतंही होतात, त्यांवर पिढ्यान् पिढ्या दावे चालतात, तरी जमिनीचे कायदेच रद्द करा असं चावडीवर कुणी म्हटल्याचं ऐकलंय का?

आता घरातून विधानसभेत चला. २०२४ साली बाईला एकदम भाव आला. ‘लाडकी बहीण’ म्हणून महिन्याला दीड हजार रुपये सुरू झाले. गरीब बाईच्या खात्यात पैसे आले याचं मला वाईट वाटत नाही, त्यातून औषधं आली, वह्या आल्या. पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत २८८ जागांपैकी बायका किती निवडून आल्या? एकवीस. आधीच्या विधानसभेत चोवीस होत्या. बहिणी वाढल्या, आमदार घटल्या. १९६० पासून या राज्याला एकही स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही, तरी प्रत्येक पक्षाच्या सभेत जिजाऊंचा फोटो पहिल्या रांगेत असतो.

दिल्लीत वेगळं नाही. संसदेतल्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा १९९६ साली आलं. बॉब केलेल्या बायकांवरून तिथं टवाळी झाली, पुढे ते पुन्हा आलं तेव्हा सभागृहात फाडलं गेलं. सत्तावीस वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी तसंच विधेयक मंजूर झालं आणि नावात ‘वंदन’ घातलं गेलं. अंमल कधी? जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर, असं कायद्यातच लिहून ठेवलं. नमस्कार रोखीनं, जागा उधारीवर.

आणि भाषा! २०२२ साली एका पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी एका महिला खासदाराला राजकारण कळत नसेल तर घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगितलं. २०२४ साली दुसऱ्या बाजूच्या एका खासदारांनी विरोधी उमेदवार बाईला ‘माल’ म्हटलं. नावं घेत नाही, तुम्हाला पाठ आहेत. दोघांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. तुम्ही कुठल्या पक्षाचे त्यावर यांतल्या कुठल्या वाक्याचा तुम्हाला राग आला हे ठरलं, हे मात्र नाकारू नका. दुसऱ्याच्या नेत्यानं बाईचा अपमान केला की आपण स्त्रीवादी होतो. आपल्या नेत्यानं केला की “संदर्भ बघा हो.”

गावात निदान जागा तरी मिळाल्या. २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणून मग सरपंचपती निघाले. बाई सहीपुरती, खुर्चीत नवरा. यावर आपण पोट धरून हसतो. पण जी बाई स्वतः खुर्चीत बसते तिचं काय होतं, ते जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याला विचारा. सरपंचबाईंची सासू सरकारी जमिनीवरच्या घरात राहते, म्हणजे याही तिथंच राहतात, असा अर्ज झाला आणि त्यांना अपात्र ठरवलं गेलं. त्या नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहत असल्याचं सांगत होत्या. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, कुठंच दाद लागली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झाली हेच गावाला पचलं नाही, अशा अर्थाचं सुनावलं. एका ग्रामपंचायतीची खुर्ची टिकवायला बाईला दिल्लीपर्यंत जावं लागतं.

स्त्रीवाद परदेशातून आला म्हणणाऱ्यांना मी बुलढाण्याचा रस्ता दाखवते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बाईजातीवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून एकच सवाल लावून धरला. जे दोष बाईचे म्हणून सांगता, ते पुरुषात नाहीत काय? पुरुषांना खाली पाडा असं त्यांचं म्हणणं नव्हतं, त्यांनी दोघांना एकच माप लावलं. गदारोळ झाला. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशांनी पुन्हा छापलं.

परस्पर आदर कसा असतो, हे पुरुषांना बघायचं असेल तर त्या गदारोळात जोतीराव कुठं उभे होते ते बघा. त्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, तीही स्वतःच्या सत्यशोधक सहकाऱ्यांशी वाद घालून. ताराबाईंना त्यांनी मखरात बसवलं नाही. आपल्याच कंपूत वाईटपणा घेतला. बायकोचा आदर करतो म्हणणाऱ्या किती जणांनी मित्रांच्या बैठकीत, व्हॉट्सअॅपच्या गटात असा वाईटपणा घेतला आहे? एक घाणेरडा विनोद आला की अंगठा दाखवता, फार तर गप्प राहता.

आणि बायांनो, आपणही फार मिरवू नये. चळवळीच्या व्यासपीठावर कोण बोलतं आणि सतरंज्या कोण उचलतं, हा हिशेब तिथंही आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना १९८९ साली पुस्तक लिहून ‘आम्हीही इतिहास घडवला’ असं सांगावं लागलं, ते फक्त पुरुषांना सांगितलेलं नव्हतं.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथं लाज जास्त आहे. मराठी साहित्य संमेलन १८७८ साली सुरू झालं. पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, ग्वाल्हेरला. मग दुर्गाबाई, शांताबाई, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर. तोवरच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या व्यासपीठावर आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा स्वागताध्यक्षपदी यशवंतराव चव्हाण होते. ‘मातृतुल्य’ बाईकडून असलं भाषण येत नसतं.

आपल्या या संस्थेच्या कार्यकारिणीत पंधरा जण आहेत. त्यांत बायका दोन, आणि दोघींकडे स्वागत आणि रांगोळी. आज संध्याकाळी नवी कार्यकारिणी निवडायची आहे. मी सात नावं लिहून आणली आहेत, सगळ्या लिहिणाऱ्या बाया आहेत, दोघी तर हिशेब तपासणाऱ्या आहेत. खजिनदारपद मला त्यांच्यापैकी एकीसाठी हवं आहे, रांगोळी ज्याला जमेल त्यानं काढावी. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदन कोण देतंय? हात वर करा, अध्यक्ष मीच आहे, थांबायला मला वेळ आहे.