घरचा पहारा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक आहे. परंतु माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे आमच्या दादांच्या आजारात जे शिकलो, ते आपणांस सांगणे मी कर्तव्य समजतो.

पूर्वी कर्करोगाच्या उपचारासाठी कोल्हापूरकर परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरीत. हे रुग्णालय 1941 साली उघडले. आता केमोथेरपी कोल्हापुरातही मिळते. रुग्ण औषध घेऊन घरी परततो, आणि खऱ्या जोखमीचे दिवस घरीच काढतो. म्हणून पहारा घरच्यांनीच करावयाचा असतो.

ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही अशाच असल्यामुळे त्यांनाही झळ पोचते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. पुष्कळ औषधांत त्या 7 ते 14 दिवसांच्या सुमारास सर्वांत कमी होतात व पुढे भरून येतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या 500 पेक्षा कमी झाल्या, तर साधा जंतूही प्राणघातक ठरू शकतो. वृद्धांचा मगज सावकाश सावरतो, मूत्रपिंडेही मंदावलेली असतात. म्हणून त्यांना धोका अधिक.

दादांचे वय 72. दुसऱ्या डोसानंतर दहाव्या रात्री त्यांना 101 अंश ताप आला. मी तापाची गोळी दिली आणि म्हणालो, "सकाळी पाहू." पहाटे दादा मला ओळखेनात. रुग्णालयात नेले तेव्हा न्यूट्रोफिल अवघे 300 होते. दादा वाचले, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. जन्मभर मुलांना वेळेचे महत्त्व शिकविणारा मी, ऐन वेळी चुकलो.

तेव्हा ध्यानात ठेवावे : ताप 100.4 अंश झाला की रात्र असो वा सण, तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि केमोथेरपी चालू असल्याचे प्रथम सांगावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नये. ताप झाकला जातो. वृद्धांना कधी ताप येतही नाही. थंडी वाजणे, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे हीच खूण असते.

त्यानंतर मी शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली. तारीख, हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल, प्लेटलेट असे रकाने केले. प्रत्येक डोसापूर्वी तपासणी होई. एकदा पेशी न भरल्याने डोस आठवडाभर पुढे गेला, तेव्हा घरात कुरकुर झाली. परंतु तो विलंब म्हणजे हयगय नव्हे. मगजाला दिलेली उसंत होय. पेशी वाढविणारे इंजेक्शनही असते. ते डॉक्टरांस अवश्य विचारावे.

शेवटी एक विनंती. आजाऱ्यास भेटावयास गोतावळ्यासह जाण्याची आपली रीत प्रेमाची आहे. पण त्या दुसऱ्या आठवड्यात उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करावी. त्यातही प्रेम उणे पडत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.