सुवर्णकाळ कोणाचा?



अमेरिकेत १९५० च्या दशकाची आठवण मोठ्या हळवेपणाने काढतात. नीटनेटकं घर, पुढे हिरवळ, एका पगारात भागणारा संसार. मी घरकामगार बायकांबरोबर काम करते. त्यामुळे असं चित्र पाहिलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, या घरातली भांडी कोण घासत होतं?

न्यू यॉर्कजवळची लेव्हिटटाउन ही त्या काळातली गाजलेली वसाहत. १९४७ मध्ये तिथली घरं भाड्याने मिळू लागली. करारात अट होती, घरात गोऱ्यांखेरीज कोणी राहायचं नाही. पण त्याच कलमात पुढे सवलतही होती, बिगरगोरे घरगडी ठेवायला हरकत नाही! काळ्या बाईचे हात हवेत, तिचा संसार शेजारी नको.

१९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बहिष्कार पुकारला. तो ३८१ दिवस चालला. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बायका पायी कामाला गेल्या. त्यांचाही हा सुवर्णकाळच का?

गोऱ्या गृहिणीची घुसमट बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये मांडली, ते मोलाचंच होतं. पण ती नोकरीला बाहेर पडल्यावर तिचं घर आणि मुलं कोण सांभाळणार, हे त्यांनी विचारलंच नाही. हा प्रश्न बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १९८४ मध्ये विचारला.

तेव्हा जुन्या दिवसांचं कौतुक ऐकताना, आणि स्त्री-चळवळीचा इतिहास लिहितानाही, कामवालीला विचारायला विसरू नका.